थोरलीच्या वाट्याची वीज

वीज आली धाकटीच्या अंगावर, पण जळली थोरली. आणि जळणंही असं, की डॉक्टरला दाखवायची सोय नाही.

दोघी बहिणी वडिलांच्या मागे लाँड्री चालवायच्या. खाली दुकान, मधे घर, वर गच्ची. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा बांधलेल्या आणि त्यांवर दवाखान्याच्या चादरी. इस्त्री थोरलीकडे. तिच्या हाताखालून गेलेल्या कॉलरला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. धाकटी काउंटरवर बसायची, गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायची आणि एकाचे कपडे दुसऱ्याला द्यायची. तरी लोक तिच्याशीच हसून बोलायचे.

समोर चष्मेवाल्याचं दुकान होतं. डोळे तपासताना तो पांढरा कोट घालायचा आणि ते कोट धुवायला इकडे यायचे. वास्तविक रस्ता ओलांडला की झालं, पण हा गृहस्थ फोन करायचा. "कोट झाले का हो?" एवढा एक प्रश्न, आणि मग त्याच्यामागून इकडचं तिकडचं बरंच काही. तो फोन थोरलीच घ्यायची. इस्त्री उभी करून, हात पुसून, केस सारखे करून घ्यायची, जसा काही तो फोनमधून बघणारच होता! बाकी काही नाही, पण पुढचा फोन येईपर्यंत तिला तेवढं पुरायचं.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. थोरली मधल्या घरात चादरींच्या घड्या घालत होती आणि खाली फोन वाजला. धाकटीनं उचलला. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबावर वीज पडली, तारेतून सरळ दुकानात आली आणि धाकटी रिसीव्हरसकट भिंतीवर आदळली.

लोक धावले, पण दारातच थबकले. "हात लावू नका, अंगात करंट असेल!" असा एकच गलका. चष्मेवाला मात्र अनवाणीच रस्ता ओलांडून आला. "अहो, माणूस आहे ती, तार नाही! वीज केव्हाच निघून गेली," म्हणाला आणि धाकटीला दोन्ही हातांवर उचलून गाडीत घातलं. थोरली जिना उतरली ती नेमकं हे बघायला. तिच्या काळजात धस्स झालं, हे खरं. पण धस्स झाल्यावर पाठोपाठ जे मनात आलं, तेही खरंच. फोन माझा होता. म्हणजे माझ्या वाट्याची वीजसुद्धा हिनंच घेतली!

धाकटी वाचली. डाव्या कानात शिट्टी वाजत राहायची आणि तळहातावर एक डाग पडला, तेवढंच. पण त्यानंतर दुकानात जो दरबार भरायला लागला, तो विचारू नका. ज्याला त्याला विजेबद्दल शंका. एक शर्ट घेऊन यायचे आणि हलायचं नाव नाही. "रबरी चपला असत्या तर काही झालं नसतं का गं?" "झाडाखाली उभं राहिलं तर?" "मोबाईल वीज ओढतो म्हणतात, खरं का?" धाकटी हनुवटी वर करून उत्तरं द्यायची. निम्मी चुकीची, पण अशा झोकात की ऐकणाऱ्याला पटलीच पाहिजेत. आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य, "मला आता कसली भीती? एका जागी दोनदा पडत नाही ती. माझं एकदाचं होऊन गेलं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी ते एक वेळ चाललं असतं. पण चष्मेवाला आता फोन करेना, रोज स्वतःच येऊन उभा. बारकी बॅटरी घेऊन धाकटीच्या डोळ्यांत बघायचा. "अगं, वर बघ. अगं, पापणी मिटू नकोस." अगं! आणि थोरलीला इतक्या वर्षांत कायम 'अहो'. ते 'अगं' कानावर पडलं, त्या दिवशी तिच्या हातून पहिल्यांदा एक कॉलर करपली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाकटीला थोरलीच घेऊन गेली होती. धाकटी काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, असलं काहीतरी. बाहेर डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या, "वीज दोनदा पडत नाही म्हणते ना ही, ते आधी काढा तिच्या डोक्यातून. उंच जागी, तारांपाशी कितीदाही पडते. गडगडाट ऐकू आला की सरळ आत यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. सांगाल ना?"

"सांगते की," थोरली म्हणाली. आणि सांगितलं नाही.

विसरली म्हणाल, तर मुळीच नाही! जपून ठेवलं तिनं ते. एक दिवस दुकान भरलेलं असेल, चष्मेवाला असेल, धाकटी आपलं वाक्य फेकेल, आणि आपण इस्त्रीवरून मान वर न करता हळूच म्हणायचं, "डॉक्टर तर वेगळंच सांगत होत्या." मग बाईसाहेबांचं तोंड कसं उतरेल, ते थोरली रोज मनातल्या मनात बघायची. बघण्यातच इतकी मजा होती की बोलायचं रोज उद्यावर जायचं.

मग एका दुपारी पुन्हा अंधारून आलं. चष्मेवाला कोट न्यायला आला होता. लांब कुठेतरी गुरगुरलं.

"अगं बाई, चादरी!" धाकटी उठली.

"अगं, राहू दे," चष्मेवाला म्हणाला. "वीज चमकतेय."

"मला काय करणार ती? आमची जुनी ओळख आहे!" धाकटी हसत हसत जिना चढून गेली.

चष्मेवाल्यानं थोरलीकडे बघितलं. "खरंच पडत नाही का हो दोनदा?"

हीच ती वेळ. सगळं कसं जमून आलं होतं! थोरलीनं तोंड उघडलं, पण मनात आलं ते भलतंच. जाऊ दे. जाऊ दे तिला. अगदी स्वच्छ, स्वतःच्या आवाजात. थोरलीला स्वतःचीच अशी भीती वाटली की हातातली इस्त्री कोटावर तशीच टाकून ती धावत सुटली.

गच्चीवर धाकटी एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं चादर ओढत होती. थोरलीनं तिची वेणी पकडली, फरफटत जिन्यात आणलं आणि दार लावून घेतलं. वीज पडली का? छे. आभाळ नुसतं गुरगुरत राहिलं.

"वेड लागलंय का तुला?" धाकटी किंचाळली. "कुठे पडली वीज? दाखव! जळतेस तू माझ्यावर, सगळ्या गल्लीला माहीत आहे!"

"हो, जळते!" थोरली ओरडली. "जळते! आणि दोनदा पडते वीज, कितीदाही पडते! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तुला सांग म्हणून. मी मुद्दाम नाही सांगितलं!"

चष्मेवाला जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभा होता. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच म्हणाला. मग दुकानात जाऊन त्यानं इस्त्री बंद केली, आणि दार लोटल्याचा आवाज आला. गेला. थोरलीला ओरडून रडावंसं वाटलं, पण आधी धाकटीच मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे परत पडू शकते?"

"हो."

"माझ्यावरसुद्धा?"

"कुणावरही. तिला काय त्याचं?"

धाकटी हुंदके द्यायला लागली. "त्या दिवशी फोनवर तो म्हणाला, ताईंना बोलाव, कोटाचं नाही, वेगळं बोलायचंय. मी म्हटलं, ताई घरी नाही. तू वर होतीस, तुझी पावलं ऐकू येत होती मला. तेवढं बोलले आणि कडाड! मला वाटलं, ही त्याचीच शिक्षा. मग कुणीतरी म्हणालं, एका जागी दोनदा पडत नाही, तेच धरून बसले. रोज चार माणसांपुढे म्हणायचे, तेव्हा कुठे झोप लागायची."

"मग मला नंतर का नाही विचारलं त्यानं?"

"मीच सांगितलं त्याला, तुझं दुसरीकडे ठरतंय म्हणून." तिनं डोळे पुसले. "मला तो 'अगं' म्हणतो, ते धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. कळत नाही का मला?"

थोरलीचा हात वर गेला. एक सणसणीत ठेवून दिली असती, पण मघाचं आठवलं आणि हात खाली आला. ती धाकटीशेजारी बसली.

"तू जिना चढलीस ना मघाशी," ती म्हणाली, "तेव्हा मी मनात म्हटलं, जाऊ दे तिला."

धाकटीनं झटकन मान वर केली. "मग आलीस कशाला?"

"तू मेली असतीस, तर जन्मभर लोक तुझंच कौतुक करत बसले असते. आणि मी भांडले असते कुणाशी?"

दाराबाहेर पुन्हा गडगडलं. दोघी एकमेकींना घट्ट चिकटल्या.

"अजून जळतेस?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"मीपण," धाकटी म्हणाली, आणि नाक पुसायला तिनं थोरलीचीच बाही ओढून घेतली.