नावाड्याच्या मुलीचा शेवट

विश्वकोशाच्या कचेरीत त्या दुपारी एका जुन्या जर्मन कादंबरीच्या नोंदीवरून चांगलीच जुंपली होती.

"शेवटी नावाड्याची मुलगी बुडते," संपादक म्हणाले.

"नाही हो साहेब! ती भिजलेली परत येते आणि बापाचं दार वाजवते," नोंद लिहिणारी मुलगी हट्टाला पेटली होती.

"अगं बाई, मूळ पुस्तक समोर उघडं आहे. बुडते म्हणजे बुडते. तू काय वेणी धरून तिला वर ओढलंस?"

थट्टा केली खरी, पण संपादकांनी पुस्तक मिटलं. मुलगी परत येते हा शेवट त्यांनीच रचलेला होता. अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला कादंबरी वाचून दाखवताना तिला रडू येऊ नये, म्हणून आयत्या वेळी सुचलेला. दार वाजलं, इथवर सांगितलं आणि तिचा डोळा लागला, तो कायमचाच. ही गोष्ट त्यांच्याखेरीज फक्त देवाला ठाऊक होती.

"तुला कुणी सांगितलं हे?" त्यांनी विचारलं.

"आपल्या वाचनालयात कोपऱ्यात शाल पांघरून बसतात ना, त्या ताईंनी. रोज एकच विचारतात, दादानं पुढचं सांगितलं का? दार कुणी उघडलं का?"

तेवढ्यात कचेरीच्या दारावर हलकेच टकटक झाली. मुलगी उठू लागली.

"थांब," भरल्या डोळ्यांनी संपादक म्हणाले, "हे दार मलाच उघडायचंय."