डावा अंगठा

"अप्पा, वही द्या. चारची गाडी हाय मला. आता शेवटचं इच्चारतो," किशनराव वकील म्हणाले आणि लागोपाठ तीनदा शिंकले.

बासरच्या बाजारात संगप्पाचं मिरचीचं गोदाम होतं. त्यामागच्या खोलीत वीरभद्रप्पा नऊ महिने लपून राहत होते. नव्या माणसाला तिथे दहा मिनिटं बसवत नसे. वीरभद्रप्पांच्या शिंका पहिल्या महिन्यातच थांबल्या, पण धास्ती काही थांबली नव्हती. बासर आंध्रात. पुढचं स्टेशन धर्माबाद, म्हणजे महाराष्ट्र, आणि महाराष्ट्रात पाऊल टाकलं की अटक. लोक काशी करून परत येतात, आणि या माणसाला नऊ महिन्यांत एक स्टेशन ओलांडता आलं नव्हतं.

ते मूळचे बँकवाले. बहात्तरच्या दुष्काळात चाकूरच्या शाखेचे मॅनेजर होते. स्वभाव असा की पेनाचं टोपण लावल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाहीत आणि पोचपावतीशिवाय चिठोरंही टेबलावरून हलू देणार नाहीत. अशा माणसाने एकदाच नियम मोडला, आणि तोही त्रेसष्ट वेळा.

तेव्हा वैरणीसाठी कर्ज निघालं होतं. ज्याच्या नावावर जमीन, त्याचाच कागदावर अंगठा, असा नियम. जमिनी पुरुषांच्या नावावर, आणि पुरुष हैदराबादला, पुण्याला, मिळेल तिथे माती उपसायला गेलेले. बँकेच्या दारात उभ्या राहिल्या त्या बायका. दोन दिवस वीरभद्रप्पांनी त्यांना परत लावलं. तिसऱ्या दिवशी एक बाई पायरीवर बसली ती उठेचना. पाणी पाजलं तेव्हा म्हणाली, "घरी कशी जाऊ सायेब? गाय दावणीला हाय. मी दिसले की बघती माझ्या हाताकडं."

ती केवळाबाई. वीरभद्रप्पांनी तिला आत बोलावलं. बँकेत पुरुषांचा डावा अंगठा घेत, बायकांचा उजवा. त्यांनी शाईची पेटी पुढे सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "डावा लावा, बाई." नाव लिहिलं तिच्या नवऱ्याचं, ज्ञानोबाचं. मग एकीचं बघून दुसरी आली. उद्या कुणी विचारलंच तर असावं म्हणून त्यांनी एक खासगी वही केली. एका बाईला एक पान. पानावर तिचं खरं नाव, गाव, आणि खाली तिचा उजवा अंगठा.

पुढे सरकारने ती कर्जं माफ केली. सगळं विसरलं गेलं. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुनी दप्तरं उस्मानाबादहून ट्रकांत भरून लातूरला आली. तोवर वीरभद्रप्पांनी बँक सोडली होती. विरोधी पक्षाकडून निवडणुकीला उभे राहून थोडक्यात पडले होते, आणि यंदा पुन्हा पाऊस दगा देऊन गेला तेव्हा हजारभर बायकांचा घागर-मोर्चा त्यांनी कचेरीवर नेला होता. मोर्चा ज्यांना झोंबला, त्यांनी कुणाकडून तरी नेमकं ते गाठोडं सोडवून घेतलं. पुण्याच्या तज्ज्ञाने लिहून दिलं, त्रेसष्ट अंगठे खातेदारांचे नाहीत. म्हणजे मॅनेजरने भलतेच अंगठे उठवून पैसे खाल्ले. पेपरात फोटोसकट आलं.

वही दाखवली की वीरभद्रप्पा सुटणार होते. पण नवऱ्यांच्या नावाने खोटे अंगठे केले म्हणून त्रेसष्ट बायाही त्याच वहीने अडकणार होत्या.

"बायांना काय होतंय?" किशनराव म्हणाले. "कोर्टाला दया येते."

"लिहून देता का तसं?"

"कोर्टाचं मी कामून लिहून देऊ? अप्पा, तुम्ही इथं त्यांची काळजी करून राहिलात, अन् तिकडं तुमच्या घराचं काय? टँकर आला की रांगेतल्या बाया उमादेवी वहिनींची घागर मागं सारतेत. चोराच्या घरचं पाणी शेवटी, मनतेत. परवा वहिनी रिकामी घागर घेऊन घरी आल्या."

 पेपरातला फोटो वीरभद्रप्पांनी पचवला होता, पण ही घागर काळजात रुतली. मोर्चात उमादेवी सगळ्यांच्या पुढे होत्या, हीच घागर डोक्यावर घेऊन.

"देवीचं दर्शन करून या तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "आल्यावर न्या वही."

किशनराव गेले. वीरभद्रप्पांनी ट्रंक उघडली, कपड्यांच्या तळातून वही काढून गादीवर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. ठरलं होतं. आता वकील लवकर यावा आणि एकदाचं संपावं, एवढंच त्यांना वाटत होतं.

कडी वाजली. दाराशी वकील नव्हता, एक बाई उभी होती.

"जयभीम सायेब. वळखलं का?"

केस पांढरे झाले होते, पण उंबऱ्याशी अवघडून उभं राहणं तेच होतं.

"केवळाबाई! जयभीम. आत या. एकट्याच आलात?"

"हाव. उमाआक्कानं पत्ता दिला. कुणाला सांगू नका मनल्या." ती भिंतीला टेकून बसली. तांब्याभर पाणी एका दमात प्याली. डोळे लाल झाले होते. ते मिरचीने की रडून, हे कळायला मार्ग नव्हता.

"सायेब, गावात मनूलालेत, वहीतल्या सगळ्या बायांची नावं कोर्टात जानार. माझा पोरगा तलाठी झालाय. नवा जिल्हा झाला, नव्या जागा निघाल्या, त्यात लागला. सा म्हैने बी झाले न्हाईत. आमच्या घरातली पैली सरकारी नोकरी हाय ती. माय फौजदारीत घावली तर त्येला ठिवतेत का? तेवढंच इच्चारायला आले. माझं नाव हाय का त्या वहीत?"

वही दोघांच्या मधोमध पडली होती. पहिल्याच पानावर तिचं नाव.

"नाही," वीरभद्रप्पा म्हणाले.

"खरं?"

"खरंच नाही. तुमचा कागद वेगळा होता. हे बघा की."

आणि जन्मभराच्या सवयीने त्यांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. अक्षर न येणाऱ्या माणसाला कागद दाखवला की त्याचं समाधान होतं, हे त्यांनी बँकेत हजार वेळा पाहिलं होतं. माणूस कागदाकडे बघतो, मान हलवतो आणि जातो.

केवळाबाईने मान हलवली नाही. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलू लागले.

"के... व... ळा... केवळाबाई. ज्ञानोबा. सूर्य... सूर्यवंशी."

वीरभद्रप्पांनी वही मिटायला घेतली, पण तिचं बोट ओळीवरच होतं.

"आठ वर्सं झाली सायेब," ती मान वर न करता म्हणाली. "आमची पंचशीलाबाई विहारात सांजंचा वर्ग घेती. पैलं नाव लिवायला शिकले, मग वाचायला." तिने खालच्या निळ्या ठशावर बोट टेकवलं. "ह्यो माझा अंगठा. उजवा."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "फाडा ते पान," वीरभद्रप्पा म्हणाले. "मी तोंडातून शब्द काढणार नाही. पोराची नोकरी राहू द्या."

केवळाबाईने पानाचा कोपरा चिमटीत धरला. गोदामात कुणीतरी पोती शिवत होतं. त्या सुताचा खर्र खर्र आवाज खोलीत येत राहिला. कोपरा जरासा फाटला, आणि तिचा हात थांबला.

"खोटं कामून बोललाव?"

वीरभद्रप्पांनी रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"तवा बी माझ्यासाठी खोटं लिवलाव, आता बी माझ्यासाठीच बोललाव. अन् मी येवढ्या लांब आले, पर तुमचं काय हुईल हे येका शब्दानं इच्चारलं न्हाई. आपलंच रडगाणं गायले." तिने पदराने तोंड पुसलं. "लाज वाटली सायेब मला."

 मग वही मिटून तिने मांडीवर घेतली.

"ही वकिलाला देऊ नका. माझ्यापाशी द्या. अंगठे आमचे हायेत ना? मग हो का न्हाई ते आमालाच इच्चारा की. मी घरोघर जाते. जी हो मनंल तिचं पान कोर्टात. जी न्हाई मनंल तिचं चुलीत."

"आणि तुमचं?"

"पोराला इच्चारते." ती उठता उठता थबकली. "न्हाई. सांगते त्येला."

तेरा वर्षं जिवापाड जपलेली वही वीरभद्रप्पांनी तिच्या पिशवीत जाऊ दिली. पोचपावतीची आठवणसुद्धा त्यांना झाली नाही.

किशनराव प्रसाद घेऊन आले ते देवळातल्या गर्दीवर वैतागूनच. पाटीवर पहिलं अक्षर काढायला आणलेली पोरं अन् त्यांची रडारड, असं काहीबाही सांगत होते. मध्येच थांबून म्हणाले, "वही?"

"दिली केवळाबाईला."

सगळं ऐकून किशनराव मटकन खाली बसले. "अप्पा, स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात. येक बाई बी येणार न्हाई, लिहून ठिवा."

"तुम्ही कोर्टाचं लिहून देत नव्हता, आता बायकांचं देताय," वीरभद्रप्पा हसून म्हणाले. नऊ महिन्यांत ते पहिल्यांदा हसले असावेत. "चारच्या गाडीची दोन तिकिटं काढा. बायकांनी दारोदार हो-नाही ठरवायचं, आणि मी इथं मिरच्यांत लपून बसायचं? बरं दिसत नाही ते."

इतके महिने ज्या स्टेशनाला भ्याले, ते थोड्याच वेळात आलं. वीरभद्रप्पा उतरले, टोपी नीट केली आणि विचारत विचारत स्वतःच पोलीस ठाण्यावर गेले. तिथे त्यांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले. खिशातलं पेन काढून घेतलं आणि रजिस्टरला त्याची नोंद केली.

जामीन झाला नाही. तीन महिन्यांनी लातूरच्या कोर्टात तारीख लागली. पोलिसांच्या मधून आत येताना वीरभद्रप्पांची नजर बाकांवरून फिरली. मागच्या बाकावर उमादेवी होत्या. त्यांच्या शेजारी केवळाबाई. तिसरी बाई कुणी नव्हती.

"त्रेसष्टांतली येक," किशनराव त्यांच्या कानाशी लागले. "बारा-तेरा मेल्या म्हणं. कुणाचा नवरा आडवा आला, कुणाची सून. काहींनी दारच उघडलं न्हाई."

"बरोबर आहे त्यांचं," वीरभद्रप्पा म्हणाले. त्यांना वाईट वाटलंच, नाही असं नाही. पण राग आला नाही.

केवळाबाई पुढे आली. तिने पिशवीतून वही काढली. दोन पुठ्ठे आणि मध्ये एकच पान, कोपऱ्याला जरासं फाटलेलं. वीरभद्रप्पा त्या पुठ्ठ्यांकडे बघत राहिले. तिने शब्द पाळला होता.

"पोरगा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मोटारसायकलवर आनून सोडलं त्येनं," ती म्हणाली. "वाटंत बोलला न्हाई."

शपथपत्र तयार होतं. कारकुनाने एकदा तिच्या लुगड्याकडे आणि एकदा तिच्या पायांकडे पाहिलं, शाईची पेटी उघडली आणि पुढे सरकवली. "उजवा अंगठा, बाई."

केवळाबाईने पेटीचं झाकण लावलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

वीरभद्रप्पांचा हात आपसूक छातीवरच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. किशनरावांनी आपलं पेन पुढे केलं.

तिला वेळ लागला. न्यायाधीशांनी एकदा घड्याळ पाहिलं. एकेक अक्षर काढून होईतो सगळं कोर्ट थांबलं होतं. शेवटच्या अक्षराला वेलांटी देऊन तिने पेनाचं टोपण नीट लावलं, पेन वकिलाला परत दिलं आणि साक्ष द्यायला पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली.