कोपऱ्यात टोचलेली बिले

ज्योत्स्नाचे लग्न झाले ते २००३ साल. मांडव उठला, पाहुणे गेले आणि तिच्या आईच्या, म्हणजे सुंदराबाईंच्या हातात मंडपवाल्याचे, किराण्याचे, बँडवाल्याचे कागद राहिले. ठेवायला जागा होती, पण घरात उंदीर होते. म्हणून सुंदराबाईंनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकाजवळ पडलेली हातभर तार उचलून आणली, दगडाने ठोकली, एक टोक वळवून खिळ्यात अडकवले आणि दुसरे घासून अणकुचीदार केले.

मित्रांनो, ती तार मी. अकोटच्या त्या जिनिंगच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी आवळून धरणे हे माझे मूळ काम. रुई फुगायला बघते, मी फुगू देत नाही. मी गंजले आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही सांगायची गरज नाही.

सुंदराबाईंचे एसटी स्टँडमागे गादी-उशांचे एका खोलीचे दुकान. रुई त्याच निवडत, खोळ त्याच शिवत, टाके त्याच घालत. तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते, पण त्यांनी माझ्यावर एक पद्धत बसवली. पैसे चुकते झाले की कागद मधोमध टोचायचा. पैसे द्यायचे किंवा यायचे असले की कोपऱ्यात. कोपऱ्यातले कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत आणि त्यांची नजर लगेच वर जाई. या पद्धतीने एकही उधारी विसरली गेली नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.

मात्र कागदावर काय लिहिले आहे ते गल्लीतल्या शिंप्याला विचारावे लागे. तो मोठ्याने वाची. त्यामुळे सुंदराबाईंचा व्यवहार त्यांच्या आधी गल्लीला कळे. हे त्यांना फार लागे. बावन्नाव्या वर्षी त्या विहारातल्या साक्षरता वर्गात बसू लागल्या. घरी आल्या की माझ्यावरचे जुने कागद बोट ठेवून वाचत. इतकी वर्षे मी अक्षरांच्या आरपार गेले होते, पण ओळखत एकालाही नव्हते. त्यांच्याबरोबर मीही शिकले. आमचा पहिला शब्द ‘रोख’, दुसरा ‘बाकी’.

२०२१ मध्ये परतवाड्याच्या एका ठेकेदाराने धारणीकडच्या वसतिगृहासाठी साठ गाद्या सांगितल्या. एवढे मोठे काम दुकानाला कधी आले नव्हते. अट एकच, बिल जीएसटीचे हवे. सुंदराबाईंनी नंबर काढला. गाद्या ट्रकने गेल्या. महिना संपल्यावर त्यांनी विक्रीचे आकडे स्वतः कागदावर लिहून झेरॉक्सच्या दुकानात नेले आणि रिटर्न, म्हणजे सरकारला द्यायचा हिशोब, भरून आल्या. गाद्या ट्रकने गेल्या. दोन महिने झाले, पैसे आले नाहीत. इकडे रुईवाल्याने सांगितले की मागचे दिल्याशिवाय पुढचा माल नाही. रुई नाही म्हणजे दुकान नाही. शेवटी त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

“पैसे काहून नाही धाडले, भाऊ?”

“बाई, तुमचं बिल मले दिसूनच नाही राहिलं.”

“दिसत नाही म्हंजे? इथं माझ्या तारेवर लोंबून राहिलं!”

“तारेवर नाही बाई, सरकारात दिसाले पाहिजे. त्याबगर मले टॅक्सची सूट भेटत नाही. ते दिसलं की पैसे धाडतो.”

रविवारी अमरावतीहून ज्योत्स्ना आली, ती प्लास्टिकची निळी फाईल घेऊनच.

“आई, मुनीम ठेव. हे आता तुह्यानं होत नाही.”

“बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली, ते पुन्हा दुसऱ्याजवळून वाचून घ्याले का?”

“वाचाचं कोण म्हणते? पण जीएसटीचं काम येगळं असते. ज्याचं काम त्यानं करावं. मी कधी गादी भराले बसली का?”

“भरून पाय. गादी नाही, गाठोडं होईन.”

आपलेच बोलणे आपल्यावर उलटले हे सुंदराबाईंना लगेच कळले. ज्योत्स्नाने माझ्यावरचे कागद काढायला हात घातला, तेव्हा मात्र त्यांनी तिचे मनगट धरले. “पाहू दे तुह्या मुनीमाले. पण या तारेले हात नको लावू.”

चिंतामणराव आले. जिनिंगमधून निवृत्त झालेले मुनीम, वय सत्तर. कॉम्प्युटर त्यांनी पासष्टीत शिकला होता. त्यांनी मला खिळ्यावरून काढले नाही. खुर्ची माझ्याखाली ओढली आणि चष्मा लावला.

“बाई, काही कागद मधात टोचले, काही कोपऱ्यात. हे काहून?”

सुंदराबाईंनी पद्धत सांगितली. ते हसले नाहीत.

“मंग रिटर्नमदी तुमी मधातलेच लिहिले?”

“हो तं! ज्याचे पैसे आलेच नाही, त्याची विक्री कशी लिवू?”

“साठ गाद्या दुकानातून गेल्या का?”

“गेल्या.”

“मंग विक्री झाली. पैसे कवाबी येवोत. ठेकेदार म्हणते बिल दिसल्याबगर पैसे देत नाही, तुमी म्हणता पैसे आल्याबगर बिल दाखवत नाही. दोघंबी इमानदार, अन दोघंबी अडकले.”

सुंदराबाई खाली बसल्या. “म्हंजे मी चुकली.”

“तुमचा हिशोब बरोबर हाये. सरकार दुसरा हिशोब मागते, तो तुमाले कोणी सांगितला नव्हता.”

चिंतामणरावांनी पुढच्या रिटर्नमध्ये ते बिल दाखवले. आठवड्यात पैसे आले, रुईवाल्याचे दिले गेले, आणि ते बिल मधोमध टोचताना सुंदराबाईंनी मला चांगलेच हलवले. मग त्या मुनीमजींकडे वळल्या.

“ठेवतो तुमाले. पण कागद तारेवरच राहीन. दर महिन्याले इथं येसान, मले एकेक दाखवसान. मी वाचल्याबगर काही धाडाचं नाही. अन पासवर्ड माह्याजवळ राहीन.”

“एवढ्या अटी तं जिनिंगच्या शेटनंबी नव्हत्या घातल्या.”

“म्हणूनच त्याची जिनिंग बंद पडली.”

निळी फाईल रिकामीच अमरावतीला परत गेली.

गल्लीत लोक म्हणाले, शिकून काय उपयोग, शेवटी मुनीम ठेवलाच. मी ते ऐकले आणि आजही मानत नाही. वाचता येत नव्हते तेव्हा सुंदराबाई दुसऱ्याकडे जात. आता दुसरा त्यांच्याकडे येत होता, त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होता. ज्यांना यात फरक दिसत नाही, त्यांनी माझ्याखाली एक दिवस बसावे.

२०२४ च्या फेब्रुवारीत चिंतामणराव अकोल्याच्या दवाखान्यात होते. रिटर्नची तारीख जवळ आली. सुंदराबाईंनी मला कागदांसकट पिशवीत घातले आणि एसटीने अकोल्याला नेले. खाटेजवळच्या सलाईनच्या दांडीला मला अडकवून त्यांनी जानेवारीची सगळी बिले वाचून दाखवली. डोळे मिटून ते ऐकत होते. एका बिलाला त्यांनी बोट वर केले. सुंदराबाईंनी थांबून पुन्हा वाचले, आकडा सुधारला.

“बाई, आता मले कामावरून काढून टाका. तुमाले येऊन राहिलं सगळं.”

“काहून काढू? रिटर्न नीट भरल्या गेला की नाही, हे पाहाले मुनीम लागतेच. चूप पडून राहा. पगार चालू हाये.”

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी गिरणी चालवत असेल, शिलाई करत असेल, भाजी विकत असेल, तर त्यांना सांगा की जाणत्या माणसाला पैसे देऊन कामाला ठेवण्यात लाज नाही. पण आपला कागद आपण वाचल्याशिवाय त्याच्या हाती देऊ नका. आणि माझ्यासारखी गंजकी तार फेकण्याआधी, कागद तिच्यावर तसेच का टोचले आहेत, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

त्या महिन्याचा रिटर्न सुंदराबाईंनी स्वतः भरला. मुनीम चिंतामणराव त्यानंतर दोन दिवसांनी, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, शुक्रवारी सकाळी वारले. ते तेव्हाही कामावर होते.