रिकाम्या जागेतला कोळसा

“काका, सेल रिकामा आहे म्हणजे तिथे काही नाहीये. सिंपल आहे.” अंशुमनने खुर्ची अर्धी वळवून सांगितलं आणि पुन्हा स्क्रीनवरच्या आकड्यांच्या चौकटींकडे तोंड केलं.

अवधूत ढोके त्याच्या पाठीमागे चहाचा मग धरून उभे होते. “रिकामं आहे म्हणजे नाही, असं नसते रे,” ते म्हणाले. “दगडाचं वेगळं असते, कोळशाचं वेगळं.”

“मॉडेलला रिकामं चालत नाही. झीरो लागतो. मी झीरो टाकलाय.”

पुण्याचा हा मुलगा हुशार होता, यात वाद नाही. फक्त त्याने आयुष्यात कधी कोळशाला हात लावला नव्हता. तसा त्या ऑफिसात ढोक्यांखेरीज कोणीच लावला नव्हता. साहेब रिस यांचे आजोबा म्हणे वेल्समधल्याच एका खाणीत कोळसा काढायचे, पण खुद्द रिस यांनी एक्सेलच्या फायली सोडून काही खणलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

कार्डिफच्या बंदराकडच्या या कंपनीत ढोके वयाने सर्वांत मोठे आणि पदाने सर्वांत धाकटे. जगभरातल्या खाणींच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदी स्कॅन होऊन यायच्या. त्या वाचून चौकटींत भरायच्या, एवढंच त्यांचं काम. वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत बसवल्यासारखं होतं. पण बायकोला, अर्चनाला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग सारं घर आलं. पदरी पडलं ते पवित्र मानून ढोके आठ वर्षं खालमानेने टाइप करत होते.

सध्याचं काम बोट्स्वानातल्या एका खाणीचं होतं. खाण उत्तरेला वाढवता येईल का, असा तिथल्या मंत्रालयाचा प्रश्न होता. वाढली तर ती आणखी पंचवीस वर्षं चालणार होती, शेजारी वीजकेंद्र होणार होतं आणि तिच्या जिवावर उभं असलेलं गाव टिकणार होतं. न वाढली तर सहा वर्षांत कुलूप. अंशुमनच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलने हिशेब करून सांगितलं होतं की उत्तरेचा थर पातळ आहे, परवडायचा नाही. आज बुधवार होता आणि शुक्रवारी अहवाल जायचा होता.

ढोके आपल्या टेबलाशी येऊन बसले खरे, पण हात चालेनात.

जमिनीत काय आहे हे पाहायला खोल भोक पाडतात आणि आतल्या खडकाचा लांब दांडा बाहेर काढून पेटीत ओळीने मांडतात. दगड अखंड येतो. कोळसा मात्र ठिसूळ. गिरमिट थंड ठेवायला पाणी सोडलेलं असतं, त्या पाण्याबरोबर तो भुगा होऊन वाहून जातो. पेटीत तेवढी जागा मोकळी राहते. म्हणून दोन दगडांच्या मध्ये काहीच हाती आलं नाही, तर जुना माणूस समजतो की तिथे बहुतेक कोळसाच होता. बोट्स्वानाच्या एकोणीस भोकांच्या नोंदींत अशा मोकळ्या जागा जागोजाग होत्या. त्या टाइप करणारे हात ढोक्यांचेच होते.

आणि हे ते कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते.

पंचविसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात, वणीजवळ त्यांना अशीच भोकं पाहायला बसवलं होतं. पेटीत मोकळी जागा दिसली की ते सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘नमुना नाही’. मशीनवरचा म्हातारा एकदा म्हणाला होता, “साहेब, गेला तो कोळसाच होता जी.” नव्या नव्या साहेबाने म्हाताऱ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. कागदावर थर पातळ झाला, खाण पुढे वाढवायची योजना बारगळली आणि काही वर्षांत तिथली वसाहत उठली. शाळा गेली, दवाखाना गेला, शुक्रवारचा बाजारही गेला. पुढे शेजारी रस्त्यासाठी खोदताना पुरुषभर जाडीचा थर उघडा पडला, पण तोवर परत यायला कोणी उरलं नव्हतं. ढोक्यांना कोणी दोष दिला नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. त्यांनी ते अर्चनालाही सांगितलं नव्हतं. तीस वर्षं ही गोष्ट त्यांनी एकट्याने वागवली होती.

संध्याकाळी घरी मुलगी, दिया, एकटीच होती. अर्चनाची ड्यूटी होती. दिया सतरा वर्षांची, नवव्या वर्षी इथे आलेली. तिचं मराठी व्याकरणाला धाब्यावर बसवून मजेत चालायचं.

“बाबा, सीरियसली? तुम्ही एक कोल माइन सेव्ह करताय?” तिने बशा आवरता आवरता विचारलं.

“मी कशाला सेव्ह करू? आहे ते आहे म्हणतो.”

“पण कोळसा खालीच राहिली तर बेटर ना? क्लायमेटसाठी?”

“असन बेटर. पण तुझ्या शाळेची फी, आपलं नागपूरचं घर, आपण इथे आलो तो तिकिटाचा खर्च, सगळं कोळशाच्या पगारातूनच आलं बेटा. आता आपण बोट्स्वानाच्या लोकांना शिकवावं का?” ढोके थांबले. “नको खणायचा तर त्यांनी तसं ठरवावं. पण आपण चुकीचं लिहून द्यायचं आणि त्यांनी त्याच्यावर गाव बंद करायचं, हे काही बरोबर नाही.”

दियाने थोडा विचार केला. “ओके. दॅट्स फेअर. मला माइन नकोच आहे, बट खोटं पण नको.” मग तिने सरळ विचारलं, “मग तुमच्या बॉसला का नाही सांगितलं?”

ढोके उरलेल्या बशा उचलून सिंककडे गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण त्यांना नुसती भीड नव्हती. हे तुम्हाला कसं कळलं, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची त्यांना धास्ती होती.

तरी गुरुवारी सकाळी ते रिस यांच्या केबिनमध्ये गेलेच. रिस यांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, “अवधूत, तुमच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण ‘मला वाटतं’ हे मी मंत्रालयाला पाठवू शकत नाही. उद्या दुपारपर्यंत पुरावा आणा.”

पुरावा असू शकत होता. भोक पाडून झालं की तारेला बांधून आत एक नळी सोडतात. वर येताना ती भोवतालचा खडक किती जड आहे ते कागदाच्या लांब पट्टीवर रेघेने काढत जाते. कोळसा हलका, तिथे रेघ एकदम डावीकडे कलते. दांडा वाहून गेला तरी भोकाची भिंत तिथेच असते. पण अशा पट्ट्या स्कॅनमध्ये आल्याच नव्हत्या.

ढोक्यांनी बोट्स्वानाला खाणीवरच्या भूगर्भतज्ज्ञ लेसेगो यांना फोन लावला. आठ वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिला परदेशी फोन होता आणि बोलताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

“कागदाच्या गुंडाळ्या?” लेसेगो म्हणाल्या. “पत्र्याच्या कपाटात काहीतरी आहे. फेकायचं ठरलं होतं. थांबा, मी आमच्या शिकाऊ पोरींना लावते कामाला.”

दुपारपासून फोटो यायला लागले. फुटभर पट्टीचा एक फोटो, असे शेकड्यांनी. ढोके एकेक जोडत होते आणि टाइप केलेल्या नोंदींशी ताडत होते. चार वाजता अंशुमन मागे येऊन उभा राहिला. भोक क्रमांक सात. नोंदीत जिथे मोकळी जागा, बरोबर तिथेच रेघ डावीकडे कललेली. भोक क्रमांक आठ, तेच. अकरा, तेच.

अंशुमनने स्क्रीनवरच्या तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “काका, मी झीरो टाकला. सगळीकडे.”

“आणि मी रिकामं टाइप केलं. निम्मा वाटा माझा.” ढोक्यांनी बाजूची खुर्ची ओढून दिली. “बस. बाराव्यापासून तू वाच, मी सांगतो.”

एकोणीसपैकी चौदा भोकांत थर कागदावर होता त्यापेक्षा जाड निघाला. बाकी पाचांत खरोखरच काही नव्हतं. ढोक्यांनी तेही तितक्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलं. अंशुमनने मॉडेल पुन्हा चालवलं. उत्तरेचा भाग परवडतो, मात्र खात्रीसाठी दोन नवी भोकं पाडावीत, असं उत्तर आलं. रिस यांनी ते दोनदा वाचलं, अहवालातलं शेवटचं प्रकरण काढून टाकलं आणि नवीन लिहायला बसले. साहेब लोक चूक कबूल करताना फार बोलत नाहीत. जाता जाता त्यांनी ढोक्यांच्या टेबलावर कॉफी आणून ठेवली, एवढंच.

शुक्रवारी अहवाल गेला आणि दुपारी लेसेगो यांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे लांब शेड होती, पेट्यांच्या रांगा होत्या आणि बाकावर सहा तरुण मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. त्या यंदाच्या शिकाऊ होत्या. खाण बंद होणार म्हणून त्यांची कायमची भरतीच रद्द व्हायच्या बेतात होती, असं लेसेगो हसत म्हणाल्या. “आता नवी दोन भोकं याच बघतील. मिस्टर ढोके, यांना एक सांगा. रिकाम्या जागेत कोळसा आहे हे तुम्हाला कसं कळलं? आम्हाला कोणी हे शिकवलं नव्हतं.”

रिस यांनी लॅपटॉप ढोक्यांच्या पुढ्यात सरकवला. अंशुमन शेजारी उभा होता.

अनुभव, एवढा एक शब्द पुरला असता. खोटाही ठरला नसता. सगळे समाधानाने माना डोलावून जेवायला गेले असते. ढोक्यांच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. पण समोरच्या सहाही जणी पेन उघडून बसल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक जेमतेम दियाएवढी दिसत होती. हिनेही पुढच्या महिन्यात ‘नमुना नाही’ लिहिलं तर, असं त्यांच्या मनात आलं.

“कारण मी स्वतः ही चूक केलेली आहे,” ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. “तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा होतो. मशीनवरच्या माणसाने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी जागा रिकामी सोडली. त्यामुळे एक खाण बंद पडली आणि एक गाव उठलं. माझ्या साहेबांनाही हे ठाऊक नाही. मी आज पहिल्यांदा सांगतोय.”

रिस टेबलाकडे पाहत होते. अंशुमनचा हात नकळत ढोक्यांच्या खुर्चीच्या पाठीवर आला. ढोक्यांना वाटलं होतं की हे बोलल्यावर जमीन दुभंगेल. तसं काही झालं नाही. छाती तेवढी हलकी झाली आणि डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

बाकावरच्या मुलींतली ती लहानशी उठून कॅमेऱ्याजवळ आली. वडीलधाऱ्याशी बोलताना तिकडे ‘रा’ म्हणतात, तसं म्हणून तिने विचारलं, “रा ढोके, त्या गावाचं नाव काय होतं? मला लिहून घ्यायचंय.”

“चिंचझरी,” ढोके म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. मुलीला ते नीट उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून सांगितलं, दोनदा.

सहाही जणी मान खाली घालून लिहीत होत्या. शेवटचं पेन थांबेपर्यंत ढोके वाट पाहत राहिले, आणि मग त्यांनी पहिली पेटी कॅमेऱ्यासमोर आणायला सांगितली.