पोळीभाजी ताई, नववी ब

दिघ्याच्या डोंगराआडून ऊन उशिरा उतरतं, आणि त्या दिवसांत ते ताईच्या खोलीत आलं की सगळ्यात आधी तिच्या उजव्या हातावर पडायचं. खिडकीच्या गजांशी उभी राहून तिने तो हात खांद्याच्या उंचीवर धरलेला असायचा. हातात फोन, नखांत अजून कणीक, आणि मनगटातल्या बांगड्यांना रुमालाची घट्ट गाठ, त्या वाजू नयेत म्हणून. एरवी या बांगड्या परातीच्या काठावर आपटत अख्ख्या चाळीला दिवस उजाडल्याची वर्दी द्यायच्या. शाळेची वेळ झाली की त्या मुक्या व्हायच्या. दूरच्या कंपनीचा भोंगा, खालच्या नळावरची भांडणं, भाऊजींचं घोरणं, या सगळ्या आवाजांच्या मधोमध माझी मोठी बहीण एखाद्या दीपमाळेसारखी निश्चल उभी असायची, आणि त्या फोनच्या उजेडात तिची मुलगी सोनल नववी शिकायची. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

ऐरोलीतल्या सोनलच्या शाळेत छताचा एक तुकडा निखळला होता. वर्ग रिकामा होता म्हणून कुणाला लागलं नाही. इमारत बांबूंच्या पिंजऱ्यात गेली आणि वरचे वर्ग ‘पुढील सूचनेपर्यंत’ घरून, फोनवर भरू लागले. ‘पुढील सूचनेपर्यंत’ हा शब्द मला शब्द वाटत नाही, बंद केलेलं दार वाटतं. शाळेच्या निरोपात त्याखाली आणखी एक ओळ होती: पालकांचे सहकार्य अपेक्षित आहे. सहकार्य! ज्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला आहे, ज्या खोलीची मोरी आणि अभ्यासाची जागा यांच्यात एका पडद्याचं अंतर आहे, जिथे फोनला रेंज फक्त खिडकीच्या एका गजापाशी मिळते, त्या खोलीने आणखी कुठलं सहकार्य द्यायचं? कॅमेरा चालू ठेवा, मागे स्वच्छ भिंत असावी, घरातले आवाज येऊ नयेत. या अपेक्षा लिहिणाऱ्याने घर म्हणजे काय कल्पिलं होतं, हे मला एकदा त्याच्या समोर बसून विचारायचं होतं.

ताईने मात्र विचारलं नाही. फोन कठड्यावर ठेवला तर कॅमेऱ्यात झोपलेले भाऊजी येतात, म्हणून तिने स्वतःच्या हाताचा स्टँड केला आणि कॅमेऱ्याला फक्त निळी भिंत आणि सोनलचा चेहरा दिसेल असा कोन शोधला. आवाज सोनलच्या कानातल्या हेडफोनमध्ये, पडदा सोनलकडे, आणि फोनची काळी पाठ ताईकडे. ज्या शिक्षणासाठी ती ताटकळत होती, त्यातल्या एका अक्षराचाही उजेड तिच्या बाजूला येत नव्हता. तरी तिच्या चेहऱ्यावर एक तृप्ती असायची, पाणी भरून झालेल्या कळशीसारखी. मधल्या वारी मला कामाची सुट्टी असली आणि मी कोपरखैरण्याहून गेले की ती अभिमानाने म्हणायची, “छोटे, पोरगी मान डोलावते बघ कशी. समजतं तिला सगळं.”

सोनल खरंच मान डोलवायची. पुस्तकाचं पान उलटायची, मध्येच वहीत काही लिहायची. तिच्या त्या डोलण्यात एक विलक्षण एकसुरीपणा होता, वारा नसताना हलणाऱ्या पानासारखा, आणि तो मला दिसायला हवा होता असं आज वाटतं. पण आईच्या डोळ्यांतला तो भरलेपणा पाहताना मुलीच्या मानेकडे कोण बघतं?

मग शाळेतून फोन आला. सोनलची हजेरी जवळजवळ नाहीच. तिला नियमित दहावीत घेता येणार नाही. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. सतरा नंबर म्हणजे शाळेचा हात सुटलेला मुलगा किंवा मुलगी, जिचा निकाल लागला तर तिचा आणि नाही लागला तर शाळेच्या नावाला बट्टा नाही. आमच्या भागात या आकड्याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो. ताई पोळपाटावरची पोळी तशीच सोडून उभी राहिली. तव्यावरची करपली. तिच्या स्वयंपाकात करपल्याचा वास मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

“अगं, रोज तर बसते ती! मी स्वतः धरते ना फोन!”

सोनल भिंतीकडे बघत म्हणाली, “मला आत घेतच नाहीत, मम्मी. नाव बघतात आणि काढून टाकतात.”

नाव. ताईच्या फोनवर तिचं स्वतःचं नाव नव्हतंच. ऐरोलीतल्या टॉवरमधल्या ज्या मुलांना ती डबे देते, त्यांच्यातल्याच एकाने फोन चालू करून देताना हौसेने लिहून दिलं होतं: ‘पोळीभाजी ताई’. ते नाव ताईला दुकानाच्या पाटीसारखं वाटायचं. वर्ग सुरू झाले तेव्हा सोनलने ते सगळीकडे बदलून ‘सोनल, नववी ब’ केलं, आणि त्याच दिवशी एका नव्या गिऱ्हाइकाचा निरोप आला, “डबा पोळीभाजी ताईंचा हवाय, हा नववी ब कोण?” ताई घाबरली. पाटी उतरली तर दुकान सापडणार कसं? तिने दटावून जुनं नाव परत लावून घेतलं, आणि वर्गातल्या मुलांनी ते पाहिलं. “ताई, दोन चपात्या, भेंडी, तिखट कमी,” असं कुणीतरी लिहिलं. आणखी कुणीतरी “उधारी चालेल का?” बाईंना ते कुणी परकं घुसलंय असं वाटलं. त्यांनी चेहरा न बघता, नावावरूनच काढलं. दुसऱ्या दिवशीही काढलं. मग रोज.

म्हणजे इतके आठवडे ताई खिडकीशी एका बंद दाराला हाताने तोलून धरत होती, आणि तिची मुलगी त्या दारासमोर मान डोलावत होती, आईचा हात फुकट जातोय हे आईला कळू नये म्हणून. एका मुलीचं नाव अख्ख्या वर्गातून नाहीसं होतं, आणि ती कुठे गेली असं विचारणारा एक फोन शाळेला करावासा वाटत नाही; निर्णय झाल्यावर मात्र फोन लागतो. या व्यवस्थेचा मला आलेला संताप अजून निवलेला नाही. एकाच फोनवर मुलीसाठी दुसरं खातं उघडता येतं, पाटीही राहते आणि मुलगीही; ते काम मी चहा उकळायच्या आत केलं. एवढंच, फक्त एवढंच, सांगणारं कुणी नव्हतं.

पालकसभाही फोनवरच होती. ताईने हट्टाने जुन्याच नावाने आत जायचं ठरवलं. आत घेतलंही, कारण त्या दिवशी दार शिपाईमामांच्या ताब्यात होतं. मुख्याध्यापिका शिस्तीवर बोलत होत्या, आणि मध्येच वर्गशिक्षिकेचा आवाज आला, “हे पोळीभाजी पुन्हा आलंय. अहो, ऑर्डरचा ग्रुप नाही हा.”

ताईने रुमाल सोडला. बांगड्या खणखणल्या. भाऊजी दचकून उठून बसले.

“मॅडम, काढू नका. मी ऑर्डर घ्यायला नाय आले. मी सोनलची आई हाय. तुमी काढत होता ते घुसलेलं माणूस नव्हतं, तुमचीच पोरगी होती. रोज आंघोळ करून, वेणी घालून बसायची.”

मग वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, “मला खरंच माहीत नव्हतं हो.” ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझी चिडचिड अधिक वाढली. माहीत नसणं इतकं सोपं, इतकं निर्मळ कसं असू शकतं? मुख्याध्यापिका म्हणाल्या, लेखी अर्ज द्या, बघू.

अर्ज मी लिहायला घेतला. कायदा, हक्क, जबाबदारी, जाहीर निषेध, माझ्या सवयीचे सगळे शब्द कागदावर मुठी वळून उभे राहिले. ताईने पोळ्या लाटता लाटता तो वाचून घेतला आणि म्हणाली, “भाषण कशाला देते गं? त्यांना आणखी टेन्शन. पोरगी होती, एवढंच लिही.”

मी तेवढंच लिहिलं. त्याखाली ताईने सही केली, सावकाश, तिच्या स्वतःच्या नावाने.

अर्ज मान्य झाला, सोनल नियमित दहावीत गेली. बांबू उतरले, नवा रंग लागला, आणि एका सकाळी ती दप्तर पाठीवर टाकून ऐरोलीच्या रस्त्याला लागली. पण मागची हजेरी बदलता येत नाही, तशी सोय नाही, असं शाळेने कळवलं; ते आठवडे कायमचे गैरहजर राहिले. कधी मध्येच सोनल विचारते, “मावशी, त्या दिवसांत मी जे वाचलं, ते शिकले म्हणायचं का?” काळ पुढे जाताना सगळ्यांना सोबत नेतोच असं नाही. ज्या दिवसांत एखादी मुलगी होती आणि नव्हती असं लिहिलं गेलं, ते दिवस मागेच थांबतात, वेणी घालून, पुस्तक उघडून, कुणीतरी आपलं नाव घेईल याची वाट बघत.