भिंगरीची गोळी

भिंगरीला दुसऱ्या शाळेनंही घरी पाठवलं, तेव्हा तिची आई चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एका गिऱ्हाइकाची काच फ्रेमच्या मापाला घासत होती. मुख्याध्यापिकाबाई फोनवर फार गोड बोलल्या. मुलगी हुशार आहे, पण आज तिनं शेजारच्या मुलीचा दंड रक्त येईपर्यंत चावलाय, तेव्हा तुम्ही तिच्यासाठी योग्य जागा बघावी. योग्य जागा म्हणजे कुठली, असं आईनं विचारलं. नेमका तेव्हाच बाईंना दुसरा फोन आला.

भिंगरी सहा वर्षांची. हे नाव आजोबांनी ती चालायला लागली तेव्हा कौतुकानं ठेवलं होतं. आता कौतुक संपलं होतं आणि नाव तेवढं राहिलं होतं. राग आला की ती हाताला येईल ते फेकायची, समोरच्याला चावायची आणि समोर कुणी नसलं तर स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायची. घरात काचेचा एक पेला शिल्लक नव्हता. धाकटा भाऊ नुकता रांगायला लागला होता. त्याची बोटं फटीत असताना तिनं एकदा दार लोटलं होतं, तेव्हापासून आई अंघोळीला जाताना त्याला टबात घालून सोबत नेत असे.

मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे वर्षभर खेपा चालू होत्या. त्यांनी सांगितलं ते सगळं करून झालं होतं. चांगलं वागली की लगेच शाबासकी द्या, दिवसाचा क्रम ठरवून द्या, कितीही चिडली तरी शांत आवाजात बोला. शांत आवाजात बोलून बोलून आईचा घसा बसला होता. शाळेनं काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता गोळी सुरू करायचा विचार करू, अगदी थोड्या मात्रेत. आधी रक्त तपासू, वजन बघू, आणि जे शिकवतोय ते चालूच ठेवू.

भिंगरीचे बाबा तिथं मान डोलावून आले आणि घरी आल्या आल्या नाही म्हणाले.

त्यांचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांना समजावत, की काका, गोळी चुकवू नका, डॉक्टरांनी विचार करूनच दिलीय. आणि इथं ते म्हणत होते की त्या गोळीनं भूक वाढते, वजन वाढतं, पोर पेंगुळते, कशाला त्या भानगडीत पडायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं आई पुटपुटली. त्यांना ते ऐकू गेलं आणि दोन दिवस घरात अबोला राहिला.

बोलायला बाकीचे होतेच. सासूबाईंचं मत होतं की आईनं नोकरी सोडली की पोर आपोआप सुधारेल. जाऊबाई म्हणाल्या, मोबाइल बंद करा. भिंगरी मोबाइल केव्हाच फोडून बसली होती, हे त्यांना सांगूनही पटलं नाही. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका जिन्यात अडवून म्हणाले, आमच्या वेळी दोन थोबाडीत दिल्या की काम व्हायचं. आईनं त्यांना म्हटलं, तुम्ही या ना संध्याकाळी, द्या. त्यानंतर ते जिन्यात दिसेनासे झाले.

शेवटी बाबा कसेबसे हो म्हणाले. तपासण्या झाल्या, चिठ्ठी मिळाली, आणि गोळी काही घरी येईना. आज माल आला नाही, उद्या येईल, कंपनीचाच तुटवडा आहे. आठवडाभर आईनं ऐकून घेतलं. मग रजेच्या शेवटच्या दिवशी ती स्वतःच दुकानात गेली. बाबा आत फोनवर होते. काउंटरवरच्या मदतनीस मुलीला तिनं गोळीचं नाव सांगितलं, आणि त्या मुलीनं मागे वळून खणातून पाकीट काढून ठेवलं.

बाबा बाहेर आले, त्यांनी पाकीट बघितलं आणि मग बायकोकडे बघितलं.

आई भांडली नाही. भांडायची ताकदच उरली नव्हती. पाकीट तिथंच काउंटरवर ठेवून ती एवढंच म्हणाली, "उद्या धाकट्याला मी पाळणाघरात सोडते. भिंगरी तुझ्याबरोबर दुकानात. माझी रजा संपली आणि मीही संपले."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दुकानात बरी बसली. रिकाम्या खोक्यांचे मनोरे केले, मदतनीस मुलीला गोष्ट सांगितली. बाबांना वाटलं, बघा, उगीच बाऊ करतात. मग एका गिऱ्हाइकाचा पाय लागून मनोरा पडला. पुढचं इतकं भराभर झालं, की बाबांना ते नीट सांगताही आलं नाही. सिरपच्या बाटल्यांची अख्खी रांग खाली आली, गिऱ्हाईक पिंडरी धरून ओरडलं, आणि भिंगरी अर्ध्या ओढलेल्या लोखंडी शटरवर कपाळ आपटायला लागली. शांत आवाज, शाबासकी, दरडावणं, सगळं वापरून झालं. बाबांनी तिला मागच्या खोलीत उचलून नेलं आणि जमिनीवर मांडीत धरून बसले.

बऱ्याच वेळानं तिचं रडणं ओसरलं. बाबांनी पकड सैल केली तशी ती म्हणाली, "सोडू नका ना. हात धरून ठेवा."

"का गं?"

"सोडले की परत करतील ते."

बाहेर गिऱ्हाइकं ताटकळत होती, मदतनीस मुलगी हाका मारत होती, सिरपचा गोड वास सगळीकडे पसरला होता. बाबा हात धरून बसून राहिले. इतके दिवस त्यांना वाटत होतं की गोळी दिली म्हणजे आपण हरलो. पोरीची बाजू त्यांनी विचारातच घेतली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी पाकीट आणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. "तीन महिने बघू," ते म्हणाले. "वजन मी बघत जाईन. त्रास दिसला तर बाईंशी बोलून थांबवायचं."

"हे मी महिन्याभरापूर्वी म्हटलं होतं," आई म्हणाली.

"हो."

आणखी पुष्कळ बोलायचं तिच्या मनात होतं, पण धाकटा रडायला लागला.

जादू वगैरे काही झाली नाही. पहिल्या आठवड्यात भिंगरी जेवताना ताटावरच पेंगायला लागली. बाबांचा चेहरा 'मी सांगत होतो' असा झाला, आणि आईनं तो बघायचं नाकारलं. डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी करून वेळ बदलली. मग भूक वाढली, तर भांडण बिस्किटांच्या डब्यावर आलं. पण राग आणि चावा यांच्यामध्ये आता थोडी जागा सापडायला लागली. त्या जागेत शांत आवाज शिरत होता. तिसऱ्या शाळेनं अर्धा दिवस घ्यायचं कबूल केलं. सासूबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या, की मूळची गुणीच आहे आमची पोर, हेच दोघं घाबरट.

एका रविवारी आई भाजी चिरत होती. आत धाकट्यानं भोकाड पसरलं. पूर्वीसारखी ती सुरी टाकून धावली, तर भिंगरी स्वतःच दारात येऊन उभी.

"मी चिमटा काढला," ती म्हणाली. "त्यानं माझं चित्र चघळलं."

आईनं बाळाचा दंड बघितला. नुसता लाल झाला होता. मग ती भिंगरीला चांगली दोन मिनिटं रागावली. चिमटे काढायचे नाहीत, चित्र वर ठेवायचं, कितीदा सांगायचं तुला. भिंगरी तोंड फुगवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "बास ना आता."

आईला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. पोरीची भीती न बाळगता ती कित्येक महिन्यांनी नुसती रागावली होती.