पाठीवरचं नाव

आमच्याकडं लेकराचं नाव आत्या ठेवती. पाळण्यावर वाकायचं, कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि तेवढ्यात मागच्या बाया पाठीत धपाधप धपाटे घालत्यात. शेळगावात माझ्या भावाच्या, सोनबाच्या, तिसऱ्या पोरीच्या बारशाला मी बी असेच धपाटे खाल्ले. त्याला आता बावीस वर्सं झाली. आईनं बजावलं हुतं, तिसरी बी पोरगीच, आता नाव नकोशी ठेव, म्हंजी देवाला कळंल. मला बावड्याला दिऊन तवा चारच वर्सं झाली हुती, आईपुढं बोलायची टाप नव्हती. वाकले आणि म्हणलं, कुर्र, नकोशी. देवाला काय कळलं ते देवच जाणे. पोरगा काय झाला न्हाय, पण नाव मातर पोरीला चिकटलं ते चिकटलं.

तशी मी तोंडाची फटकळ. बावड्याच्या बाजारात भाजीवालं लांबून सारजाबाई दिसली की आधी काटा नीट धरत्यात. पण जवा तोंड उघडायचं तवाच मी गप बसले, आणि ते मला जल्मभर सलत राहिलं.

पोरगी मेंढरात वाढली. सोनबानं पुढं मेंढरं विकून ऊस लावला, पण तवर रोज सांजच्याला वाघरीच्या, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी हीच उभी असायची. एक कोकरू सटकू द्यायची न्हाय. गुडघा टाकून, हात पसरून, न्हायतर सरळ अंगावर घिऊन अडवायची. इंदापूरच्या शाळेत सूरज सरांनी पोरांना चाकाचं बूट घालून पळायला शिकवलं, आणि हिला जाळीपुढं उभं करून चेंडू मारून बघितलं. एक बी आत गेला न्हाय. सर म्हणले, हिला बर्फावर न्यायला पायजे.

आता आमच्याकडं बर्फ म्हंजी रसवंतीवर ग्लासात पडतो तेवढा. सोनबाचा फोन आला, पोरगी आईस हॉकी खेळती. मी म्हणलं, आईस हॉकी, मग आत्यास काय? त्याला वाटलं मी रुसले. दुसऱ्या दिवशी खव्याचं पेढं घिऊन आला बिचारा. मी ते खाल्लं, आणि मग इचारलं की हे आईस म्हंजी काय असतं.

पुण्यात शिकली, लडाखला शिबिरं केली, राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या. काम तेच, जाळी राखायची. पायाला गाद्या बांधायच्या, तोंडाला पिंजरा लावायचा, आणि भाकरीच्या गोळ्याएवढी रबराची काळी चकती आत जाऊ द्यायची न्हाय. आणि अवंदा कझाकस्तानातल्या एका क्लबानं तिला पगारावर बोलावलं. खेळायचा पगार! मला आनंदानं काय करू आन् काय नको असं झालं.

पण त्यांनी इचारलं, पाठीवर नाव काय छापायचं? नाव बदलायचं असंल तर शनिवारपातुर सांगा, मग कागद पक्कं.

म्हंजी आता माझं पाप पोरीच्या पाठीवर, परमुलखात, हातभर अक्षरात. मी उठले आणि इंदापूर गाठलं. टायपिंगवाल्याच्या टेबलाशी बसून नाव बदलायचं कागद करून घेतलं. नवं नाव राजनंदिनी. सही तेवढी तिची राहिली. फोन केला, तर पोरगी म्हणती, "आत्या, शुक्रवारची फायनल बघ. नाव तू ठेवलंस, बदलायचं का न्हाय ते बी तूच सांग."

आपल्या देशाची फायनल लेहला हुती, भर दुपारी. माझ्या सुनंनं, श्रेयानं, मोबाईल टीव्हीला जोडला. आळी सगळी आमच्या सोप्यात. चहूकडनं डोंगर, मधी पांढरंफेक बर्फ, आणि जाळीपुढं आमची पोरगी, गाद्यांनी गोधडीगत फुगलेली. पलीकडची एक परदेशी पोरगी चकती घिऊन तिच्यावर धावून आली, आणि हजारभर माणूस एका सुरात वरडाय लागलं, "नको! नको! नको!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुडदा बशिवला तुमचा, म्हणलं, माझी पोर तुमच्या दारात उभी ऱ्हायली आन् तुमी तिला नको म्हणताय व्हय? टीव्हीच बंद कराय उठले. श्रेयानं माझा पदर धरून ठेवला. म्हणाली, जरा नीट ऐका की, सांगत्यात ते.

हिंदीत सांगणारा सांगत हुता. संघातल्या पोरींनी हिला नावाचा अर्थ इचारला हुता. हिनं सरळ सांगितला. तवापासनं त्या पोरी हिला हाक बी नको अशीच मारायच्या, आणि चकती जवळ आली की वरडायच्या नको, आणि आता अख्खं लेह वरडतंय. पोरीला न्हाय, चकतीला.

मी मटकन खाली बसले. मग जे सुरू झालं म्हणता! चकती आली की आमी सगळ्या नको, नको, नको. आतमधी दूध उतू गेलं, कुणी उठलं न्हाय. बरोबरी झाली. मग एकेकीनं एकटीनं येऊन मारायचं असं ठरलं. शेवटची आली, उजवीकडं हूल दिली आणि डावीकडं मारली. पोरीनं गुडघा टाकला, वाघरीच्या तोंडाशी टाकायची तसाच. चकती गादीवर आपटून लांब गेली. आमी जिंकलो. मी रडले, चांगली हुंदकं दिऊन रडले, आणि शेजारणीला मिठी मारली, जिच्याशी दिवाळीपासनं बोलत नव्हते.

तासाभरानं फोन आला. मागं नुसता गलका.

"आत्या, लवकर सांग. राजनंदिनी लिहू?"

"नको," मी म्हणलं.

तिनं इचारलं, "न्हाय म्हणलीस का हाक मारलीस?"

"दोन्ही."

त्या कागदांवर मी आळीचा चहा केला. चूल झकास पेटली.

महिन्यानं शेळगावात सत्कार झाला. फ्लेक्सवाल्यानं आईस हॉकीचं आईची हॉकी करून टाकलं, आणि लोक रांगेनं माझ्या भावजयीचंच अभिनंदन करत सुटलं. ती बी लाजत लाजत घेत हुती. क्लबाचा सदरा घालून पोरगी माझ्यापुढं पाठमोरी उभी ऱ्हायली. नाव इंग्रजीत हुतं. मी एकेक अक्षरावरनं बोट फिरवलं.

ती वळली. म्हणाली, "आत्या, बारशाला सगळ्यांनी तुला धपाटं घातलं. माझाच तेवढा ऱ्हायलाय. वाक."

मी वाकले. तिनं असा घातला म्हणता, चकती अडवायचाच हात तो, मांडवात आवाज घुमला.

आठ दिवस पाठ दुखत हुती. श्रेया बाम घिऊन मागं मागं फिरायची. मी हात लावू दिला न्हाय.